वेल्डिंगचे पुस्तक कसे पारखावे? साडेतीन शतकांचा धागा

१/२४
१६ जानेवारी १९४३. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी, स्वान आयलंडच्या गोदीत, 'स्केनेक्टडी' नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधून उभे होते. सागरी चाचण्या नुकत्याच पार पडल्या होत्या. रात्र थंड होती, पाणी संथ होते. अचानक मैलभर ऐकू जाईल असा कडकडाट झाला आणि जहाज मधोमध दुभंगले. डेक फाटला, दोन्ही बाजू फाटल्या; तळाच्या पत्र्यांनी तेवढे दोन भाग एकत्र धरून ठेवले. टॉर्पेडो नव्हता, वादळ नव्हते, खडकही नव्हता.

२/२४
हे जहाज रिव्हेटांनी नव्हे, वेल्डिंगने जोडलेले होते. त्यामुळे पहिला संशय गेला तो जोड घालणाऱ्या हातांवर. हे हात बहुतांशी नवशिके होते. कालपर्यंत शेतात, दुकानात वा स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रीपुरुषांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन गोदीत उभे केले होते. मग प्रश्न उभा राहिला: दोष हातांचा, पोलादाचा, की त्यांना जे शिकवले गेले त्याचा? या प्रश्नाचे उत्तर पुढे येईलच. पण त्याआधी एक जुनी गोष्ट पाहू. धातू सांधण्याची विद्या कागदावर केव्हा आली, कशी आली, आणि कागदावर येताना तिचे काय राहून गेले?

३/२४
धाग्याचा हेतू सरळ आहे. वेल्डिंग शिकू पाहणारे अनेक जण विचारतात, "सुरुवातीला कोणते पुस्तक घ्यावे?" इतिहासाचा विद्यार्थी या प्रश्नाला नावांची यादी देऊन उत्तर देऊ शकत नाही, यंत्रे बदलतात, आवृत्त्या बदलतात, यादी शिळी होते. परंतु चांगले पुस्तक कशामुळे चांगले ठरते, याच्या कसोट्या मात्र इतिहासाने घासूनपुसून दिल्या आहेत. अशा सहा कसोट्या या धाग्यात येतील. प्रत्येक कसोटीमागे एक प्रसंग आहे, आणि काही प्रसंगांत माणसांनी मोठी किंमत मोजली आहे.

४/२४
आरंभ पुस्तकाविनाच्या काळापासून करू. दिल्लीच्या मेहरौलीतील लोहस्तंभ सुमारे ७ मीटर उंच आणि ६ टनांहून जड आहे. सुमारे १६०० वर्षांपूर्वी तो ओतलेला नाही, घडवलेला आहे. घडीव लोखंडाचे गोळे भट्टीत पांढरेशुभ्र होईपर्यंत तापवून, एकावर एक ठोकून, ते एकजीव केले गेले. आजच्या भाषेत हे भट्टीतले वेल्डिंग. स्तंभावर संस्कृत लेख आहे. त्यात 'चंद्र' नावाच्या राजाचे पराक्रम आहेत, विष्णुध्वजाचा उल्लेख आहे. गोळे कसे सांधले याविषयी एक अक्षरही नाही, आणि सांधणाऱ्याचे नावही नाही.

५/२४
हीच विद्या आपल्या गावगाड्यातही होती. बैलगाडीच्या चाकावर चढणारी लोखंडी धाव आठवा. सरळ पट्टी वाकवायची, तिची दोन्ही टोके तिरपी करून एकमेकांवर आणायची, भट्टीत योग्य तापाला आणून घणाखाली सांधायची. मग ते कडे पुन्हा तापवून लाकडी चाकावर बसवायचे आणि पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि चाक आवळले जाते. कुऱ्हाडीच्या नरम लोखंडात पोलादाची धार बसवणे हेही सांधकामच. गावच्या लोहाराला हे सारे येत असे. त्याने ते भात्याच्या दोरीला धरून, बापाकडे पाहत पाहत शिकलेले असे.

६/२४
ही विद्या लिहिली का गेली नाही? 'कारागिरांनी ती लपवून ठेवली' हे सोपे उत्तर अपुरे आहे. आपल्या समाजात लेखणी आणि घण वेगवेगळ्या जातींच्या हाती होते. ज्याला लिहिता येत होते त्याने कधी घण उचलला नव्हता, आणि ज्याच्या हाती घण होता त्याच्यापर्यंत अक्षर पोहोचू दिले गेले नव्हते. युरोपातही हे अंतर होते, त्याची कारणे निराळी होती. तेथे विद्वानांची भाषा लॅटिन होती आणि भट्टीवरची भाषा लोकांची. म्हणूनच ज्या थोड्या माणसांनी हे अंतर ओलांडले, त्यांची पुस्तके इतिहासात मोलाची ठरतात.

७/२४
असा एक माणूस म्हणजे लंडनचा जोसेफ मॉक्सन. पृथ्वीगोल, नकाशे आणि गणिती उपकरणे बनवणारा, मुद्रणाचा जाणकार. जानेवारी १६७८ पासून त्याने 'मेकॅनिक एक्सरसाइझेस' नावाची मासिक पुस्तिका सुरू केली. दर महिन्याला एखाद्या हस्तव्यवसायाचा थोडा भाग, चित्रांसह, सामान्य इंग्रजीत. सुरुवात त्याने लोहारकामापासून केली, कारण इतर सर्व धंद्यांची हत्यारे लोहारच बनवतो. हप्त्याहप्त्याने ज्ञान वाटण्याची ही कल्पना धागे लिहिणाऱ्यांना ओळखीची वाटेल. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीवर निवडला गेला. एका धंदेवाईक माणसासाठी हा दुर्मीळ मान होता.

८/२४
मॉक्सन लोखंडाच्या तापाच्या अवस्था सांगतो. रक्तासारखा लाल ताप: केवळ पृष्ठभाग सारखा करायचा असेल तेव्हा. ज्वालेसारखा पांढरा ताप: आकार बदलायचा, लांबवायचे वा वाकवायचे असेल तेव्हा. आणि ठिणग्या उडू लागणारा ताप, ज्याला तो वेल्डिंगचा ताप म्हणतो: दोन तुकडे एक करायचे असतील तेव्हा. या तापाला लवकर येण्यासाठी चिमूटभर पांढरी वाळू लोखंडावर टाकावी, असेही तो लिहितो. वाळू वितळून लोखंडावरची मळी पातळ करते आणि घाव पडताच ती सांध्यातून बाहेर फेकली जाते, हे कारण आज आपण देऊ शकतो.

९/२४
येथे तापमापक नाही, अंश नाहीत. तरीही सूचना नेमकी आहे, कारण ती डोळ्यांना काय दिसेल ते सांगते. 'खूप तापवा' असे म्हणणारे पुस्तक निरुपयोगी; 'ठिणग्या उडू लागल्या की काढा' म्हणणारे उपयोगी.
पहिली कसोटी: पुस्तक शिकणाऱ्याच्या इंद्रियांशी बोलते का? आजच्या आर्क वेल्डिंगमध्ये ही भूमिका आवाजही बजावतो. आर्कची लांबी योग्य असेल तर कढईत भजी तळल्यासारखा अखंड चरचराट ऐकू येतो. लांबी वाढली की तो तुटक होतो आणि शिंतोडे उडतात. ज्या पुस्तकात केवळ अँपिअरचा तक्ता आहे आणि हा चरचराट नाही, ते अर्धेच पुस्तक.

१०/२४
मॉक्सनने आणखी एक गोष्ट केली. आपल्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट म्हटले की हस्तकौशल्य शब्दांनी शिकवता येत नाही, ते सरावानेच येते. केवळ हे वाचून कोणी कारागीर होईल अशी हमी आपण देत नाही. आपलेच पुस्तक विकणाऱ्या माणसाने पहिल्या पानांतच हे सांगावे, यात त्याचा मोठेपणा आहे.
दुसरी कसोटी: पुस्तक आपली मर्यादा ओळखते का? तसे पुस्तक प्रत्येक माहितीनंतर सराव देते: कोणता तुकडा घ्यावा, किती जाडीचा, किती वेळा करावा, आणि झाल्यावर तो कसा तपासावा. 'सात दिवसांत वेल्डर व्हा' असे मुखपृष्ठावर लिहिणारे पुस्तक दुकानातच ठेवून यावे.

११/२४
आता काळाची मोठी उडी घेऊ, कारण पुढची दोन शतके लोहाराची भट्टी मूलतः तशीच राहिली. १८८० च्या दशकात रशियन साम्राज्यातील बेनार्डोस आणि ओल्शेव्स्की यांनी कार्बनची कांडी आणि विजेचा आर्क वापरून धातू जोडून दाखवला. स्लाव्ह्यानोव्हने कार्बनऐवजी वितळणारी धातूची कांडी आणली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या ऑस्कर शेल्बर्गने त्या कांडीवर लेप चढवला. तो लेप जळून वायूचे आणि मळीचे आवरण तयार करतो आणि वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा वेल्डिंगचा रॉड या लेपित कांडीचाच वंशज.

१२/२४
दुसरीकडे वायूची वाट. १८३६ मध्ये एडमंड डेव्हीला अॅसिटिलीन सापडला. १८९० च्या दशकात कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनू लागले आणि अॅसिटिलीन बाजारात आला. १८९५ मध्ये ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की ऑक्सिजनबरोबर जाळल्यास याची ज्योत ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. काही वर्षांतच फूशे आणि पिकार यांनी कारखान्यात वापरता येईल असा टॉर्च बनवला. लोखंड तापवून ठोकण्याऐवजी आता ते थेट वितळवून जोडता येऊ लागले.

१३/२४
येथे शिकवण्याच्या इतिहासात एक खोल बदल घडला. भट्टीवर डोळा हा लोहाराचा गुरू होता. आर्कसमोर तोच डोळा पहिला बळी ठरतो. उघड्या डोळ्यांनी काही क्षण पाहिले तरी अतिनील किरण बुबुळ भाजतात. त्रास लगेच होत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केले तर त्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो. अॅसिटिलीन तांब्याच्या नळीतून नेला तर आत स्फोटक संयुग तयार होऊ शकते. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल वा ग्रीस लागले तर आग भडकते. यांपैकी एकही धोका पाहून पाहून शिकण्यासारखा नाही. शिकेपर्यंत उशीर झालेला असतो.

१४/२४
म्हणून तिसरी कसोटी: पुस्तक धोका कारणासह सांगते का? 'काळजी घ्या' ही सूचना नव्हे. अॅसिटिलीनचे सिलिंडर आडवे ठेवू नये, हे नुसते सांगितलेले विसरले जाते. पण सिलिंडरच्या आत सच्छिद्र पदार्थ असतो, त्यात अॅसिटोन मुरवलेले असते, त्या अॅसिटोनमध्ये वायू विरघळलेला असतो, आणि सिलिंडर आडवे केले तर अॅसिटोन वायूबरोबर बाहेर येऊ शकतो, हे समजले की विद्यार्थी जन्मभर ते उभे ठेवतो. सुरक्षिततेचे प्रकरण पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात ढकललेले असेल, तर लेखकाने कामाचा क्रम उलटा लावला आहे असे समजावे.

१५/२४
वेल्डिंगला प्रतिष्ठा मिळाली ती युद्धाने. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या बंदरांत अडकून पडलेल्या जर्मन जहाजांची इंजिने त्यांच्या खलाशांनी आधीच फोडून ठेवली होती. ओतीव लोखंडाचे ते प्रचंड सिलिंडर नव्याने बनवायला बराच काळ लागला असता. अमेरिकी नौदलाने ते आर्क वेल्डिंगने सांधले आणि त्याच जहाजांतून आपले सैनिक युरोपला नेले. युद्धकालीन वेल्डिंग समितीतूनच १९१९ मध्ये 'अमेरिकन वेल्डिंग सोसायटी' ही संस्था जन्मली. जोड कसा असावा याचे लिखित मानक ठरवण्याचे काम आता संस्थेकडे आले.

१६/२४
मग आली कंपन्यांची पुस्तके. क्लीव्हलँडच्या लिंकन इलेक्ट्रिक कंपनीने १९३३ मध्ये आर्क वेल्डिंगचे 'प्रोसिजर हँडबुक' काढले. पुढे कित्येक दशके त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. वायू विकणाऱ्या लिंडे कंपनीने १९४३ मध्ये 'ऑक्सी-अॅसिटिलीन हँडबुक' काढले. दोन्ही पुस्तके भरीव होती, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी त्यांतून शिक्षण घेतले. पण लक्षात घ्या: पहिली कंपनी विजेची वेल्डिंग यंत्रे विकत होती, दुसरी वायू. प्रत्येकीला आपलाच मार्ग श्रेष्ठ वाटणे साहजिक होते.
चौथी कसोटी: पुस्तकामागे कोण आहे? कंपनीचे पुस्तक टाळावे असे नव्हे, उलट त्यातील तक्ते बहुधा फार काळजीपूर्वक केलेले असतात. मात्र 'कोणती पद्धत निवडावी' हा सल्ला त्याच पुस्तकाकडून घेऊ नये.

१७/२४
या परंपरेतील उत्तम पुस्तकांनी एक अमोल चित्र रूढ केले. एकाच पट्टीवर शेजारीशेजारी घातलेले अनेक वेल्ड: एक योग्य, बाकीचे चुकलेले. करंट कमी असेल तर धातू वरच गोळा होतो आणि आत मुरत नाही. जास्त असेल तर सांधा चपटा होतो, कडेला खाच पडते आणि शिंतोडे पसरतात. हात फार वेगाने चालला तर रेघ बारीक होते. फार संथ चालला तर ढीग साचतो. खरा गुरू बिघडलेले काम हातात घेऊन 'हे बघ, हे असे का झाले' म्हणतो. पुस्तकात हे काम त्या चित्राने केले.
पाचवी कसोटी: चुकलेल्या कामाची चित्रे आहेत का, आणि त्यांची कारणे दिली आहेत का? केवळ देखणे सांधे दाखवणारे पुस्तक प्रदर्शनासाठी ठीक असते.

१८/२४
आता पुन्हा गोदीकडे वळू. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेने २७१० लिबर्टी जहाजे बांधली. 'रॉबर्ट ई. पियरी' हे जहाज तर १९४२ मध्ये पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरवले गेले. इतक्या वेगासाठी लागणारे कसबी वेल्डर देशात नव्हते. म्हणून काम शिकणाऱ्याच्या क्षमतेपर्यंत खाली आणले गेले: जहाजाचे मोठे भाग जमिनीवर जुळवायचे, उलटे-सुलटे करायचे, जेणेकरून बहुतांश सांधे सपाट स्थितीत घालता येतील. डोक्यावरचे किंवा उभे वेल्डिंग कठीण. सपाट वेल्डिंग सर्वांत सोपे. नवशिक्याला आधी सपाट शिकवावे हा क्रम आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

१९/२४
तरीही जहाजे तडकत राहिली. चौकशी मंडळाला काही ठिकाणी सदोष वेल्डिंग सापडले, पण तेवढ्याने कोडे उलगडत नव्हते. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की मूळ दोष पोलादात होता. ठरावीक तापमानाच्या खाली ते पोलाद वाकण्याऐवजी काचेसारखे तुटत होते. त्यात डेकवरील दारांचे काटकोनी कोपरे. ताण तेथे एकवटे आणि चीर तेथून सुरू होई. रिव्हेटांच्या जहाजात ती चीर एका पत्र्याच्या कडेला थांबली असती. वेल्डिंगने सारे पत्रे एकसंध केले होते, म्हणून ती थेट आरपार धावली.

२०/२४
म्हणजे, ज्या नवशिक्या स्त्रीपुरुषांवर पहिला संशय गेला होता, त्यांच्या हातांवर सारा दोष टाकणे अन्यायाचे होते. त्यांना हात कसा चालवायचा हे शिकवले होते. हाताखालचा धातू थंडीत कसा वागेल हे त्यांच्या शिक्षकांनाही पुरते माहीत नव्हते.
सहावी कसोटी यातूनच निघते: पुस्तक धातूविषयी काही सांगते का? सौम्य पोलाद, ओतीव लोखंड, स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम यांना एकच नियम लागू नाही. ओतीव लोखंड घाईने तापवून घाईने थंड केले तर सांधा धरतो आणि शेजारचा भाग तडकतो. प्राथमिक पुस्तकात धातुशास्त्राची दहा पाने पुरतात, पण ती हवीत.

२१/२४
भारतात काय घडले? दुसऱ्या महायुद्धात कारागिरांची टंचाई भासली, तेव्हा १९४० पासून सरकारी तांत्रिक प्रशिक्षण योजना सुरू झाली. बेव्हिन योजनेखाली काही भारतीय तरुणांना ब्रिटनमध्ये पाठवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आपल्या ओळखीच्या आयटीआय उभ्या राहिल्या; १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा झाला. बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या आता कोणत्याही जातीच्या मुलाला, आणि पुढे मुलीलाही, प्रवेश अर्ज भरून मिळू शकत होती. माझ्या मते आपल्या सामाजिक इतिहासातील ही फार मोठी घटना आहे, आणि तिच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे.

२२/२४
पण पुस्तके कोठे होती? १९८६ मध्ये जर्मनीच्या सहकार्याने मद्रासमध्ये एक केंद्रीय संस्था स्थापन झाली. आज ती 'निमी' या नावाने ओळखली जाते. तिची वेल्डर व्यवसायाची पुस्तके दोन भागांत असतात: एक सिद्धांताचे, एक प्रात्यक्षिकाचे. प्रात्यक्षिकाचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी सुरक्षितता, मग आखणी, करवतणे व कानशीने घासणे. गॅसवर आधी भरणाची तार न घेता नुसत्या ज्योतीने रेघ वितळवणे, मग तार घेऊन. आर्कवर आधी सपाट पट्टीवर सरळ रेघा, सांधे त्यानंतर. प्रत्येक अभ्यासाला मापांसह आकृती. ही पुस्तके मराठीतही निघतात. भाषांतर ठिकठिकाणी अवघडलेले असले तरी स्वतः शिकू पाहणाऱ्यासाठी पायाचे पुस्तक म्हणून मी यांचेच नाव घेईन.

२३/२४
अवघडलेपणाचे कारण भाषेतच आहे. परिभाषेने वेल्डिंगला 'वितळजोडकाम' असा अर्थपूर्ण शब्द दिला. कारखान्यात मात्र 'दहा नंबरचा रॉड दे' असेच म्हणतात, आणि तो दहा नंबर म्हणजे पुस्तकातली ३.१५ मिलिमीटरची कांडी. हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी देणारे पुस्तक मिळाले तर सोडू नये. परदेशी पुस्तक घेताना आणखी सावध राहावे. अमेरिकी पुस्तकात ऑक्सिजनची नळी हिरवी असते. आपल्याकडे ती काळी किंवा निळी दिसते आणि ऑक्सिजनचे सिलिंडर काळे असते. 'ई ६०१३' या अमेरिकी क्रमांकातील ६० हा आकडा प्रतिचौरस इंच ६०,००० पौंड ताणशक्ती सांगतो. भारतीय मानक ८१४ ची सांकेतिक पद्धत निराळी आहे. परदेशी पुस्तक दुसरे म्हणून घ्यावे, पहिले म्हणून नको.

२४/२४
तर दुकानात वा ग्रंथालयात पुस्तक हाती आले की पाच मिनिटे द्यावीत. प्रस्तावना वाचावी: सरावाशिवाय काही येणार नाही असे लेखक कबूल करतो का, आणि पुस्तक कोणी काढले आहे? सुरक्षिततेचे प्रकरण उघडावे: ते आरंभी आहे का, त्यात कारणे आहेत का? पहिला अभ्यास पाहावा: डोळ्यांना काय दिसेल, कानांना काय ऐकू येईल, हे लिहिले आहे का? चुकलेल्या सांध्यांची चित्रे शोधावीत. शेवटी धातूंचे प्रकरण आहे का ते पाहावे. एवढे जमले तर पुस्तक घ्यावे, आणि जवळच्या वर्कशॉपमधील जाणत्या माणसाकडे जाऊन त्याच्या देखरेखीखाली पहिला आर्क लावावा. तो एकट्याने लावू नये.

आणि एक विनंती. मेहरौलीच्या स्तंभावर राजाचे नाव राहिले, लोहाराचे राहिले नाही. आपल्या घरांत मात्र आयटीआयच्या जुन्या वह्या, आजोबांची कारखान्यातील टिपणे, तेलाचे डाग पडलेली पाठ्यपुस्तके अजून असतील. ती रद्दीत देण्याआधी त्यांची छायाचित्रे काढा आणि या धाग्याखाली टाका. कोणत्या गावची, कोणत्या सालची, हेही लिहा. आपल्याकडच्या वेल्डिंगचा इतिहास उद्या कोणी लिहायला घेतला, तर त्याला याच कागदांपासून सुरुवात करावी लागेल.